टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट: हे वाक्य कधी टाकायचं, कसं टाकायचं आणि कधी गप्प बसायचं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीत पाहुण्यांसाठी दोन पार्किंग ठेवलीयेत, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी आपली दुसरी गाडी आणून लावली ती आठवडाभर हललीच नाही, मग पाचव्या मजल्यावरच्या मुलाने चिडून त्या गाडीच्या मागे आपली बुलेट आडवी लावली आणि ग्रुपवर फोटो टाकला. इथपर्यंत ठीक, हे रोजचंच आहे. पण मग आमचे खजिनदार काका, जे एरवी मेंटेनन्सच्या आकड्यांशिवाय काही लिहीत नाहीत, त्यांनी इंग्रजीत टाकलं, 'टू राँग डझन्ट मेक राइट'. बुलेटवाल्याने विचारलं 'व्हॉट राँग आय डिड?', गाडीवाले म्हणाले 'हू इज राँग?', कुणीतरी काकांचं व्याकरण काढलं, काकांनी त्याची थकबाकी काढली, आणि रात्री साडेअकराला मला फोन, की अरे तू ऑफिसात दिवसभर लोकांचे इंग्रजी मेल तपासतोस ना, सांग बरं कोण बरोबर.

मी तेव्हा झोपेत काहीतरी हूं हूं केलं. हे त्याचं नीट उत्तर, जरा लांबलंय पण हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं मेलमध्ये इतक्या प्रकारांनी मोडलेलं बघितलंय की एकदा सगळं एका जागी लिहून टाकावं म्हटलं. आणि खरं सांगू का, त्यातलं व्याकरण सगळ्यात सोपं आहे. लोक फसतात ते वाक्य टाकायची वेळ चुकल्यामुळे.

आधी वाक्य सरळ करून घ्या

टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट. सहा शब्द. अर्थ एवढाच, की एकाने वाईट केलं म्हणून बदल्यात दुसऱ्याने केलेलं वाईट योग्य ठरत नाही. एकेक घेऊ.

राँग्ज. इथे राँग हे नाम आहे, दोन आहेत म्हणून अनेकवचन, शेवटी एस लागणारच. आपण मराठीत 'दोन राँग' म्हणतो, जसं दोन पेन, दोन फोन, तसं, म्हणून तो एस गळतो. उच्चार करताना हा एस 'स' होत नाही, 'ज' होतो, आणि तो ज 'जरा' मधला, 'जीवन' मधला नव्हे. मराठी माणसाला हे दोन ज आयतेच येतात तर त्याचा फायदा घ्या. स्पेलिंगमधला पहिला डब्ल्यू मुका आहे हे बहुतेकांना माहीत असतं, पण घाईत टाइप करताना डब्ल्यू विसरून थेट आर पासून सुरू करणारे मी पाहिलेत, आणि फोनचा ऑटोकरेक्ट मग त्याचं काहीतरी तिसरंच करतो.

डोन्ट. राँग्ज दोन आहेत म्हणून डोन्ट, डझन्ट नाही. काकांचं इथे चुकलं, पण त्यांची चूक एका अर्थी सुसंगत होती, एस गाळला म्हणून पुढे डझन्ट आलं. एक दुरुस्त केलं की दुसरं आपोआप होतं. कुणी 'डझन्ट मेक्स' लिहितं, तिथे तर डबल काम आहे, डझन्ट आलं की पुढचा मेक साधाच राहतो.

मेक. हा शब्द सगळ्यांना सोपा वाटतो आणि अर्थ नेमका इथेच निसटतो. हा 'बनवणे' वाला मेक नाही. शाळेत बाई शिकवायच्या ना, टू अँड टू मेक फोर, दोन आणि दोन मिळून चार, तो हा मेक. दोन राँग्ज एकत्र केल्या तर बेरीज काय येते, एवढाच प्रश्न आहे. आणि इथे आपल्या डोक्यात सातवी आठवीतलं 'वजा गुणिले वजा अधिक' इतकं पक्कं बसलेलं असतं की एका मुलाने मला सिरियसली विचारलं होतं, दादा पण मायनस मायनस प्लस होतं ना मग ही म्हण चूक नाही का. नाही बाबा, ते गुणाकारात. ही म्हण बेरजेची आहे. वजा पाच अधिक वजा पाच, वजा दहा. खड्डा बुजत नाही, दुप्पट होतो.

अ राइट. हा 'अ' खाऊ नका. 'मेक राइट' असं लिहिलं की वाक्य लंगडं होतं, आणि 'मेक इट राइट' लिहिलं की अर्थच बदलतो, त्याचा अर्थ होतो झालेलं नीट करणे, भरपाई करणे. इथे राइट पण नाम आहे, एक योग्य गोष्ट, एक न्याय्य कृती. 'अधिकार' वाला राइट हाच शब्द असला तरी इथे तो अर्थ नाही.

फॉर्मल पत्रात डोन्ट चं डू नॉट करा. कॅनॉट मेक अ राइट हेही चालतं, वकील मंडळींना ते जास्त आवडतं. बाकी फार कलाकारी नको, म्हण आहे ती, लोक ती कानाने ओळखतात.

जाता जाता, ही म्हण एकदम अशी घडलेली नाही. तिची एक थोरली बहीण होती, टू ब्लॅक्स मेक नो व्हाइट, म्हणजे दोन काळे मिळून एक पांढरं होत नाही, ती जेम्स केली नावाच्या माणसाने १७२१ साली छापलेल्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहात सापडते. आज ती वापरू नका, का ते सांगायला नको. १७८३ मध्ये बेंजामिन रश, तेच डॉक्टर ज्यांची अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे, त्यांनी एका पत्रात तीन राँग्ज मिळूनही एक राइट होणार नाही असं लिहिलं. म्हणजे आकडा तेव्हा पक्का ठरला नव्हता, दोनवर गाडी नंतर थांबली.

आता मुख्य भानगड: राँग म्हणजे चूक नव्हे

आपण मराठीत राँग हा शब्द दिवसभर वापरतो. राँग नंबर, राँग साइड, राँग आन्सर. या सगळ्यात ते विशेषण आहे, अर्थ चुकीचा. त्यामुळे मराठी डोकं या म्हणीचं भाषांतर 'दोन चुका' असं करतं आणि मग ती भलत्याच ठिकाणी चिकटवतं.

नाम म्हणून अ राँग म्हणजे कुणीतरी कुणावर तरी केलेला अन्याय, गैरकृत्य, वाईट वागणूक. चूक म्हणजे मिस्टेक. गणितातली, टायपिंगमधली, आकड्यातली असेल तर एरर. चुकून होतं ते मिस्टेक, आणि जे करताना माणसाला मनात कुठेतरी माहीत असतं की हे असं करू नये, ते राँग. अगदी शंभर टक्के काटेकोर नाही ही विभागणी, पण रोजच्या वापराला पुरते.

म्हणून 'आय मेड टू राँग्ज इन द एक्झाम' हे चुकलं. 'आय गॉट टू राँग' म्हणा, म्हणजे दोन उत्तरं चुकली, इथे एस नको कारण इथे राँग विशेषणासारखं आहे. किंवा सरळ 'आय मेड टू मिस्टेक्स'. तसंच मिस्टेक मेक करतात पण राँग मेक करत नाहीत, राँग डू करतात किंवा कमिट करतात. बुलेटवाल्याने जे विचारलं ते असं हवं होतं: 'व्हॉट राँग डिड आय डू?' किंवा जास्त नैसर्गिक म्हणजे 'व्हॉट डिड आय डू राँग?'

यावरून एक भारी उदाहरण आहे, कॉमर्सवाल्यांना लगेच कळेल. खतावणीत खरेदीची बेरीज पाचशेने कमी धरली आणि विक्रीची बेरीजही नेमकी पाचशेने कमी धरली, तर डेबिट पाचशेने कमी, क्रेडिट पाचशेने कमी, आणि ट्रायल बॅलन्स, म्हणजे डेबिट-क्रेडिटच्या बेरजा जुळतात का ते बघायचा तक्ता, टॅली! याला कंपेन्सेटिंग एरर म्हणतात. आमच्या अकाउंट्समधल्या एकाने अशीच जोडी सापडल्यावर ऑडिटरला मेल ठोकला, त्यात ही म्हण. ऑडिटरला विनोद वाटला असेल तर वाटो, पण वापर म्हणून चूक. कारण एक तर या राँग्ज नाहीत, एरर्स आहेत, आणि दुसरं म्हणजे एकीमुळे दुसरी झालेली नाही.

हा 'एकीमुळे दुसरी' मुद्दा धरून ठेवा, पुढे तोच लागणार आहे.

बोटावर मोजा

म्हण टाकण्याआधी एक साधी टेस्ट. उजव्या हाताचं पहिलं बोट: पहिला राँग कुठला, कुणी केला, कुणावर केला? दुसरं बोट: दुसरा राँग कुठला, कोण करतंय किंवा करायच्या बेतात आहे? मग तिसरा प्रश्न: दुसऱ्याचं कारण म्हणून पहिला दाखवला जातोय का, 'त्याने केलं म्हणून मी केलं' असं? दोन बोटं भरली आणि तिसऱ्याला हो आलं, तर म्हण बसते. एक बोट जरी रिकामं राहिलं तर फोन खाली ठेवा.

सोसायटीवर लावून बघू. गाडी आठवडाभर पाहुण्यांच्या जागेत, पहिलं बोट. बुलेट आडवी लावून गाडी अडकवली, दुसरं बोट. त्याने लावली म्हणून मी लावली, हो. म्हणजे काकांनी म्हण निवडली ती बरोबरच होती, नुसती मोडून टाकली.

अजून काही. साहेबांनी रविवारी फुकट बोलावलं म्हणून टॅक्सीचं खोटं बिल लावलं, बसते. समोरचा राँग साइडने आला म्हणून मीही दुभाजक ओलांडून राँग साइडने काढली, बसते. मागच्या महिन्यात एका ॲपने दोनशे रुपये जास्त कापले, तक्रार करून काही झालं नाही, या महिन्यात त्यांच्याकडून चुकून एक वस्तू जास्त आली तर गप्प बसून ठेवून घेतली, हीसुद्धा बसते, आणि इथे प्रामाणिकपणे सांगतो की असं केलेले आपण बरेच जण असू आणि 'वसूल झालं' असंच म्हणालो असू.

आता न बसणारी. एकाच दिवशी बॉस ओरडला आणि घरी येताना पाकीट मारलं गेलं: दोन वाईट गोष्टी आहेत पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. मुलाने आधी गणित चुकवलं मग इतिहास: मिस्टेक्स. नवरा बायको दोघंही भांडणात आवाज चढवून बोलले: हे काठावरचं आहे, बसू शकतं, पण त्या खोलीत हे वाक्य इंग्रजीत म्हणून बघा काय होतं ते, मी जबाबदार नाही.

कुठे टाकायचं नाही

इथे मी थोडा थांबतो, कारण माझं स्वतःचं इथे चुकलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी टीममधल्या एका ज्युनियर मुलीने महिनाभर खपून एक रिपोर्ट केला, सीनियरने तो मीटिंगमध्ये स्वतःच्या नावाने दाखवला. पुढच्या रिपोर्टमध्ये त्याने खरंच थोडं काम केलं होतं पण तिने त्याचं नाव घातलंच नाही. त्याने मेल केला, सगळे सीसीत. मी शहाणपणा करून रिप्लाय ऑल मारला: 'टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट. लेट्स मूव्ह ऑन.' व्याकरण चोख होतं. पाच मिनिटांनी ती माझ्या डेस्कपाशी आली, हातात चहाचा कागदी कप, तो तिने टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, 'सर, दुसरा राँग तुम्हाला एका मेलमध्ये दिसला, पहिला दोन महिन्यांत कुणालाच दिसला नाही का?' मी काही बोललो नाही. काय बोलणार. ती कप तिथेच विसरून गेली आणि संध्याकाळपर्यंत तो तसाच होता.

तर हा या म्हणीतला सापळा आहे. वाक्यात दोन राँग्ज आहेत पण ते बोललं जातं नेहमी दुसरा राँग करणाऱ्याला उद्देशून. पहिला करणारा तोपर्यंत निवांत बसलेला असतो, वर मान हलवतो की हो बरोबर आहे. ज्याला आधी लागलंय त्यालाच आपण ही म्हण ऐकवतो, आणि त्याला ऐकू येतं, 'तू गप्प बस'. म्हणून माझा आता नियम आहे, पहिल्या राँगचं नाव घेतल्याशिवाय, आणि त्याचं काय करणार ते सांगितल्याशिवाय, ही म्हण दुसऱ्या कुणाला म्हणायची नाही. स्वतःला म्हणायला मात्र कधीही मोकळीक आहे. 'मी पण तसंच करणार होतो, पण टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट' हे ऐकायला किती वेगळं वाटतं बघा.

दुसरी जागा, जिथे दुसरी गोष्ट मुळात राँगच नसते. कुणी अंगावर धावून आला आणि आपण त्याला ढकललं, तर दोन्हीकडे हात उचलला गेला असला तरी दुसरं राँग नव्हे. आपल्या कायद्यातही खासगी बचावाचा अधिकार आहे, पूर्वी आयपीसीच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे, अर्थात गरजेपुरत्याच बळाला. तीच गोष्ट दंडाची, भरपाईची, नोकरीवरून काढण्याची. चोराला शिक्षा झाली तर 'टू राँग्ज' म्हणता येत नाही, निदान शिक्षा का अन्याय्य आहे ते आधी पटवून द्यावं लागतं. वादात लोक नेमकी हीच उडी मारतात, समोरच्याची कृती राँग आहे हे गृहीत धरतात आणि म्हण फेकतात, सिद्ध काहीच केलेलं नसतं.

तिसरी जागा जरा बारीक आहे. ट्रॅफिक पोलिसाने धरलं की आपण म्हणतो, 'ते दहा जण गेले त्यांना नाही पकडलं, मलाच का?' इथे दोन वेगळी वाक्यं लपलेली असतात. एक, 'ते सुटले म्हणून मलाही सोडा', याला म्हण लागू. दोन, 'मला पावती करा पण नियम सगळ्यांना लावा', याला म्हण अजिबात लागू नाही, ही रास्त मागणी आहे. समोरचा कुठलं म्हणतोय ते न बघता म्हण मारली तर आपणच बावळट ठरतो.

आपल्या सुप्रीम कोर्टाने हा फरक छान केलाय. १९९५ चं चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजीत सिंग हे प्लॉटचं प्रकरण आहे, त्यात मुद्दा आला की दुसऱ्या एकाला प्रशासनाने सवलत दिली मग मला का नाही, समानता कुठे गेली. कोर्टाने सांगितलं की दुसऱ्याच्या बाजूने दिलेला आदेश मुळात बेकायदा असेल तर त्याच्याकडे बोट दाखवून तसलाच बेकायदा आदेश स्वतःसाठी मागता येत नाही, प्रशासनाला तीच चूक परत करायला कोर्ट भाग पाडणार नाही. याला पुढे 'निगेटिव्ह इक्वॅलिटी' म्हणायची पद्धत पडली, की राज्यघटनेच्या कलम १४ ची समानता चांगल्या बाबतीत आहे, गैर गोष्टीत वाटा मागण्यासाठी नाही. सरकारी कामाचं पत्र ड्राफ्ट करताना 'अमक्याला दिलं' एवढ्या एकाच पायावर सगळा अर्ज उभा असेल तर तो पाय आधी तपासा. त्या अमक्याला नियमात बसून मिळालं होतं का? बसून मिळालं असेल तर खुशाल दाखला द्या.

मेलमध्ये किंवा ग्रुपवर टाकायचं तर असं

क्रम महत्त्वाचा. आधी पहिला राँग, नाव घेऊन, मिळमिळीत न करता. मग दुसऱ्याबद्दल. मग करायचं काय. म्हण मध्ये कुठेतरी, शक्यतो शेवटी नाही, कारण शेवटी आली की ती टाळ्या मागते.

माझा जुना मेल आज लिहिला असता तर साधारण असा: 'द फर्स्ट रिपोर्ट वॉज हर वर्क अँड इट शुड हॅव कॅरीड हर नेम. वी विल करेक्ट दॅट टुडे. टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट, सो लेट्स अ‍ॅड हिज नेम टू द सेकंड वन अ‍ॅज वेल.' चार ओळी. आणि रिप्लाय ऑल नाही, आधी दोघांना वेगवेगळा फोन.

'आय नो टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट, बट' असं सुरू होणारं वाक्य लिहिलंत तर तिथेच डिलीट करा. त्या 'बट' नंतर माणूस नेहमी दुसरा राँग करायची परवानगीच मागत असतो, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. आणि आपल्यापेक्षा मोठ्याला, साहेबाला, सासऱ्यांना ही म्हण तोंडावर मारू नये, इंग्रजीतही ती थोडी उपदेशाची वाटते, लहान मुलं भांडली की आई म्हणते तशी. त्यापेक्षा साधं म्हणा, 'दॅट वोन्ट फिक्स इट', पुरतं.

विनोदाने वापरायची असेल तर दोन जुने जोक ठरलेले आहेत. एक, टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट, पण थ्री लेफ्ट्स डू, म्हणजे तीनदा डावीकडे वळलं की उजवीकडे वळल्यासारखं होतं. हा जोक अमेरिकन आहे, तिथे गाड्या उजवीकडून चालतात त्यामुळे डावं वळण म्हणजे समोरचा ट्रॅफिक कापून जाणं, तीन डावी म्हणजे तीनदा ताप. आपल्याकडे उलट, डावं वळण फुकटात मिळतं, त्यामुळे संध्याकाळी सहा वाजता एखाद्या मोठ्या चौकात उजवीकडे वळायला ताटकळण्यापेक्षा पुढे जाऊन तीन लेफ्ट घेणं हा जोक नसून सल्ला आहे. दुसरा, टू राइट्स मेड अ‍ॅन एअरप्लेन, तो बोलतानाच चालतो कारण राइट बंधूंच्या आडनावातही सुरुवातीला तोच मुका डब्ल्यू आहे. ऑर्व्हिल आणि विल्बर, १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक. शाळेतल्या पोरांना हा हमखास आवडतो.

त्याच घरातले बाकीचे लोक

म्हण नको असेल पण राँग हवा असेल तर हे पटकन. राइट अ राँग म्हणजे झालेला अन्याय दूर करणे, इथे राइट हे क्रियापद आहे आणि स्पेलिंग बरोबर वाल्या राइटचंच, लिहिण्याच्या राइटचं नाही, इथे मोठमोठे लोक आपटतात. बी इन द राँग म्हणजे दोष आपल्याकडे असणे, 'ही वॉज इन द राँग' म्हणजे चुकलं त्याचं. राँग समवन म्हणजे एखाद्यावर अन्याय करणे, आणि ज्याच्यावर झाला तो राँग्ड. डोन्ट गेट मी राँग म्हणजे गैरसमज करून घेऊ नका, याचा अन्यायाशी काही संबंध नाही. राँगली हे क्रियापदाच्या आधी बसतं, राँगली अक्यूज्ड, म्हणजे खोटा आळ आलेला. बाकी डिक्शनरीत आहेच.

मराठीत सांगायचं असेल तर

कृपा करून 'दोन चुका एक बरोबर बनवत नाहीत' असं लिहू नका. असले फॉरवर्ड येतात, वाचून दात दुखतात. मराठीत यासाठी झणझणीत वाक्य आधीपासून आहे, लोकांनी शेण खाल्लं म्हणून आपणही खायचं का? आजी एवढं म्हणाली की विषय संपायचा. ऑफिसात शेण चालत नसेल तर 'त्यांनी केलं म्हणून आपण करायचं का' एवढं म्हणा.

पण आपल्याकडे उलट बाजूच्या म्हणींचाही साठा भरपूर आहे हे विसरू नका. जशास तसं, ठोशाला ठोसा, अरेला कारे, काट्याने काटा काढायचा. त्यामुळे मराठी माणसाला तुम्ही टू राँग्ज ऐकवलं की तो यातली एक काढणार. हा वाद आपल्याकडे फार वरच्या पातळीवरही झालाय. १९२० च्या जानेवारीत गांधींच्या यंग इंडिया या साप्ताहिकात टिळक आणि गांधी यांच्यात यावर पत्रातून देवाणघेवाण झाली. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं की राजकारण हा साधूंचा नाही तर संसारी माणसांचा खेळ आहे, आणि अक्रोधाने क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा आपल्याला गीतेतलं श्रीकृष्णाचं, जे मला जसे भजतात त्यांना मी तसाच भजतो, हे जास्त पटतं. गांधींनी उत्तर दिलं की खरा नियम शठं प्रति शाठ्यम्, म्हणजे लबाडाशी लबाडी, हा नसून शठं प्रत्यपि सत्यम् हा आहे, म्हणजे लबाडाशीही सत्यानेच वागायचं. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. तर सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'जशास तसं' म्हणालं तर त्याला अडाणी समजू नका, त्याच्या मागे टिळक उभे आहेत. मला स्वतःला पार्किंगच्या बाबतीत गांधी जास्त परवडतात, कारण बुलेट आडवी लावली की गाडी निघत नाही, पाहुण्यांची जागाही मोकळी होत नाही आणि कचऱ्याची गाडी अडते ती वेगळीच.

बुलेटचं काय झालं विचाराल तर, मी त्या मुलाला खाली भेटलो, आधी गाडीबद्दल बोललो, आठवडाभर जागा अडवणं चूकच आहे आणि मी ते कमिटीत लेखी मांडतो म्हणालो, मग म्हटलं आता बुलेट काढ. त्याने काढली. गाडीला अजून चार दिवस लागले, कमिटीचं पत्र गेल्यावर.

काकांना मी वाक्य नीट लिहून दिलं, एस, डोन्ट, अ, सगळं. त्यांनी ते सेव्ह करून ठेवलं असावं. कारण परवा सकाळी आमच्या बिल्डिंगच्या दोन्ही लिफ्ट एकदम बंद पडल्या, ग्रुपवर आरडाओरड सुरू झाली, आणि काकांचा मेसेज आला, एकही स्पेलिंग न चुकता: 'टू राँग्ज डोन्ट मेक अ राइट.'